रस्ता बंद असलेल्या दिवसांची वही

(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, आलापल्ली, जानेवारी २०२५. दहावी १९८२ च्या तुकडीतील विद्यार्थिनी, निवृत्त आरोग्य सेविका, यांच्या भाषणाचा मजकूर.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू एवढी वर्षं जंगलात नर्स म्हणून काढलीस. अनुभव सांग. पंधरा मिनिटं." मी म्हटलं, मला बोलता येत नाही. शाळेत वक्तृत्व स्पर्धेत मी दुसऱ्याच वाक्याला रडले होते, हे समोर बसलेल्या बाईंना चांगलं आठवत असेल. त्यावर ते म्हणाले, "मग लिहून आण." म्हणून लिहून आणलं आहे. सोबत ही एक वहीही आणली आहे. तिच्याविषयीच बोलणार आहे.

आपण दहावीची परीक्षा दिली ती चंद्रपूर जिल्ह्याचे विद्यार्थी म्हणून. निकाल लागला, अकरावीला प्रवेश घेतले, आणि २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा झाला. आपण जागचे हललो नाही, पण जिल्हा बदलला. नंतर तर शेजारीही बदलले. इंद्रावतीच्या पलीकडे मध्य प्रदेश होता, तिथे २००० साली छत्तीसगड झालं. प्राणहिता-गोदावरीच्या पलीकडे आंध्र होतं, तिथे २०१४ साली तेलंगणा आलं. भूगोलाच्या पुस्तकातला आपला नकाशा तीनदा बदलावा लागला. नद्या मात्र त्याच राहिल्या. निदान तेव्हा तरी मला तसं वाटत होतं.

भूगोलाचे सर आज पहिल्या रांगेत आहेत. सर, तुम्ही रोज सकाळी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात 'आजचे हवामान' लिहायला लावायचात. ज्याची पाळी असेल त्याने बाहेर जाऊन आभाळ बघायचं, वारा कुठून येतो ते बघायचं आणि एक ओळ लिहायची. आम्हाला ती शिक्षा वाटायची. पावसाळ्यात तर सलग आठ-आठ दिवस एकच ओळ असायची : 'झड सुरू आहे.' एकदा कुणीतरी खाली 'कालच्याप्रमाणे' असं लिहिलं म्हणून तुम्ही त्याला बाकावर उभं केलं होतं. तो आज इथेच बसला आहे, मी नाव सांगत नाही.

ती झड आठवते ना? कौलांवरून धार तुटायची नाही, कपडे वाळायचे नाहीत, आरागिरणीच्या आवारातल्या सागवानाचा ओला वास गावभर असायचा. पण त्या पावसाला एक शिस्त होती. मृगात यायचा, पऱ्हे टाकले जायचे, आषाढ-श्रावणात रोवणी, पोळ्यानंतर ओसरत जायचा. दसऱ्याला आभाळ स्वच्छ. ही शिस्त फक्त शेतीची नव्हती. आपल्या भागातलं सगळं सरकारी कामही त्याच शिस्तीवर चालायचं, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं.

मी १९८८ ला आरोग्य सेविका झाले. आधी अहेरी तालुका, मग एटापल्ली, आणि शेवटची बरीच वर्षं भामरागडच्या पलीकडचं एक उपकेंद्र. इथून भामरागड साठ-पासष्ट किलोमीटर. हेमलकसा सोडलं की पर्लकोटा नदी, आणि नदी ओलांडली की भामरागड. तिथे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात. जुना पूल ठेंगणा. इंद्रावतीला पाणी चढलं की ती पर्लकोटेचं पाणी पुढे घेत नाही, ते मागे फुगतं आणि पुलावरून वाहू लागतं. मग भामरागड तुटतं, आणि भामरागडच्याही मागची गावं तर त्याआधीच आपापल्या नाल्यांनी तुटलेली असतात.

हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तशी तयारीही होती. जून लागायच्या आत पावसाळ्याचं धान्य गावागावात पोचवायचं. औषधं, सलाईन, सर्पदंशाची लस आधी भरून ठेवायची. आणि आम्हा आरोग्य सेविकांचं सर्वांत महत्त्वाचं काम म्हणजे यादी. तुटणाऱ्या गावांत कोणत्या बाया गरोदर आहेत, कुणाची तारीख जून ते सप्टेंबरमध्ये येते, त्यांची नावं काढायची आणि त्यांना आधीच दवाखान्याच्या जवळ आणून ठेवायचं. पुढे त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात 'माहेरघर' झाली. बाईने एक नातेवाईक आणि लहान मूल सोबत घेऊन यायचं, बाळंत होईपर्यंत राहायचं.

ऐकायला सोपं वाटतं, पण रोवणीच्या दिवसांत घरातली बाई नेणं म्हणजे दोन हात कमी करणं. सासू म्हणायची, "बाई, हिला नेता, मग बांधीत तुम्ही उतरणार काय?" एका वर्षी मी खरंच उतरले. अर्धा दिवस रोवणी केली, दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसले, पण सून घेऊन गेले. तेव्हा ज्या बाया हसल्या, त्याच पुढच्या वर्षी स्वतःहून आल्या.

तर अशी ती यादी. माझी यादी ३० सप्टेंबरला संपायची. ती तारीख कुणी कागदावर लिहून दिली नव्हती. पावसानेच ती ठरवून दिली होती, आणि वर्षानुवर्षं ती बरोबर ठरत होती.

आता २०१४ चं सांगते. हे मी आजवर कुठे बोलले नाही. गावाचं नाव सांगणार नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी एका टोल्यावर गेले होते. दहा-बारा घरं, मध्ये एक नाला. दुसरं बाळंतपण असलेली एक मुलगी होती, वीस-एकवीस वर्षांची. तारीख महिन्याच्या शेवटची. तिने मला विचारलं, "बाई, मी आत्ताच येऊ का तुमच्यासोबत?" मी आभाळाकडे बघितलं. निळं, स्वच्छ आभाळ. नाल्यात घोट्याएवढं पाणी. हलकं धान कापायला आलं होतं. मी म्हटलं, "आता कशाला? पावसाळा संपला. धान कापून घे, दिवाळीच्या आठवड्यात ये." ती बरं म्हणाली.

१२ ऑक्टोबरला विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर हुदहुद चक्रीवादळ धडकलं. कुठे विशाखापट्टणम आणि कुठे आमचं उपकेंद्र! पण वादळ जमिनीवर आलं तरी त्याचा पाऊस तिथे थांबत नाही, तो छत्तीसगडकडे सरकला. आमच्याकडे १३ तारखेला संध्याकाळी जो सुरू झाला तो रात्रभर. मोबाईलला रेंज नव्हती. रात्री कधीतरी तिचा दीर दाराशी आला, चिंब भिजलेला. दुपारपासून कळा सुरू आहेत म्हणाला. दोन आठवडे आधी.

मी पिशवी घेतली, आशाताईला उठवलं, निघालो. नाल्यापाशी पोचलो तर नाला ओळखू येईना. घोट्याएवढं पाणी ठेवून गेले होते, तिथे आता झाडाचे ओंडके वाहत होते. पलीकडच्या काठावर त्यांनी तिला खाटेवर आणून ठेवलं होतं, वर प्लास्टिक धरलं होतं. दोन टॉर्च दिसत होते. ते अलीकडे येऊ शकत नव्हते, मी पलीकडे जाऊ शकत नव्हते.

मी काठावरून ओरडून सांगत होते. माडिया मला कामापुरती येते, ती सगळी त्या रात्री कामी आली. पलीकडे गावातली म्हातारी दाई होती. मी ओरडायचे, पाण्याच्या आवाजात अर्धं जायचं, ती परत विचारायची. पाय आधी येत होते बाळाचे. हातात हातमोजे घालून मी काठावर उभी होते आणि मध्ये तीस-चाळीस हात पाणी. छत्तीस वर्षांच्या नोकरीत इतकी निरुपयोगी मी कधीच नव्हते.

उजाडल्यावर पाणी उतरलं. दोरी बांधून मला नेलं. बाई वाचली. बाळ गेलं होतं. मुलगा होता.

दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान होतं. त्या दिवसांत आभाळ मोकळं झालं तेव्हा डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं. आपल्याकडे मतदानाची पथकं तशीच न्यावी लागतात, तुम्हाला ठाऊक आहे, त्यात कुणाचा दोष नाही. पण त्या मुलीचा सासरा वर बघत म्हणाला, "मत जातं वरून. माणूस खालूनच जातो." तो रागाने बोलला नव्हता, म्हणूनच ते मला विसरता येत नाही.

लोकांनी मला काही बोल लावला नाही. उलट तिची सासूच माझी समजूत घालत होती. पण मला माहीत होतं, ती मुलगी येते म्हणाली होती आणि मी तिला नको म्हटलं होतं. ज्या पावसाच्या भरवशावर नको म्हटलं, तो पाऊस आता राहिला नव्हता आणि ते मला कळलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी ही वही केली. साधी दोनशे पानी. डाव्या बाजूला तारीख, मग कोणता नाला, किती वाजता बंद झाला, किती वाजता उतरला, आणि शेवटी शेरा. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत लिहिली. मी कुणी शास्त्रज्ञ नाही, आणि दहा वर्षांच्या एका वहीवरून हवामान बदललं असं सांगायची माझी लायकी नाही. पण लिहिताना काही गोष्टी दिसू लागल्या त्या सांगते. आपल्या लहानपणची झड या वहीत फार कमी आहे. 'दिवसभर ऊन, संध्याकाळी ढग, रात्री दोन तासांत नाला बंद' असे शेरे जास्त आहेत. रोवणी खोळंबली म्हणून लोक आभाळाकडे बघत बसलेत आणि चार दिवसांनी तीच बांधी वाहून गेली, असं एकाच पानावर आहे. आणि मार्चची पानं, जिथे खरं तर काहीच लिहायला नको, तिथे 'अवकाळी, मोहफुलं काळी पडली' असं लिहिलेलं आहे. मोह वेचून बाया वर्षाचं तेल-मीठ करतात. ते फूल भिजलं की व्यापारी हात लावत नाही.

नंतर माझ्या मुलाने मला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांचा २०१७ चा अभ्यास वाचून दाखवला. मध्य भारताच्या पट्ट्यात, जिथे आपणही येतो, १९५० ते २०१५ या काळात मोठ्या प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या, आणि त्याही एकूण पाऊस कमी होत असताना. अरबी समुद्र तापला, त्यावरून येणारे वारे लहरी झाले आणि कधी कधी एकदम भरपूर बाष्प आणू लागले, असं कारण त्यात दिलं आहे. मी मुलाला म्हटलं, हे आधी कुणी मला सांगितलं असतं तर! तो म्हणाला, "आई, तूही त्यांना कुठे सांगितलंस?" त्याचं खरं होतं. आमच्या नाल्याचं मोजमाप कुणाच्या कागदावर नव्हतंच.

आता पुराविषयी. आपल्या तुकडीतल्या सिरोंच्याकडच्या मंडळींना १९८६ चा ऑगस्ट आठवत असेल. खाली भद्राचलमला गोदावरी ७५.६ फुटांवर गेली होती. म्हातारे म्हणायचे, असा पूर आयुष्यात एकदाच. मग २०२२ चा जुलै आला. १६ जुलैला भद्राचलमला पुन्हा ७१ फुटांच्या वर. सिरोंचा तालुक्यातल्या गावांचं काय झालं ते इथल्या कितीतरी जणांनी स्वतः भोगलं आहे. पावसाचे मोठे पूर पूर्वीही यायचे, हे मान्य. बदललंय ते असं, की आता पूर येतो तेव्हा तो कुठून आला हेच आधी कळत नाही. २०२० च्या ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेला जो पूर आला, त्याचा पाऊस मध्य प्रदेशात पडला होता. वरचं धरण भरलं, गोसीखुर्दचे ३३ दरवाजे उघडले, आणि पाणी भंडाऱ्यापासून आपल्या जिल्ह्यापर्यंत गावांत शिरलं. पाऊस तिकडे, पूर इकडे.

आणि खाली मेडीगड्डा. प्राणहिता गोदावरीला मिळते त्याच्या पुढे तेलंगणाने ८५ दरवाजांचा बंधारा बांधला. २०१६ ला दोन राज्यांचा करार झाला, २१ जून २०१९ ला उद्घाटन झालं. त्यानंतर पाणी चढून शेतं बुडतात, काठ खचतात, ही सिरोंचाच्या शेतकऱ्यांची तक्रार तुम्ही ऐकली आहे. २१ ऑक्टोबर २०२३ ला त्याच बंधाऱ्याचे खांब खचले. एक दरवाजा शिवनी जिल्ह्यात उघडतो, एक तेलंगणात बंद होतो, आणि मधल्या माणसाला पाण्याचा अंदाज बांधायचा असतो. माझी आजी प्राणहितेच्या पाण्याचा रंग बघून सांगायची, "हे वर्धेचं पाणी आहे, हे वैनगंगेचं." आज असती तर तीही गोंधळली असती.

आता थोडं लांबचं सांगते. माझी भाची कॅनडात विनिपेग शहरात नर्स आहे. एकदा व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, "मावशी, तुझ्या माहेरघरासारखं इथेही आहे." अगदी उत्तरेला, बर्फाच्या प्रदेशात इनुइट लोकांची गावं आहेत. बाहेरून तिथे रस्ता नाही. वर्षाचं जड सामान उन्हाळ्यात समुद्र मोकळा झाला की जहाजाने येतं. गोठलेला समुद्र हाच त्यांचा रस्ता, त्यावरून शिकारीला जातात, शेजारच्या गावाला जातात. लहान गावांतल्या गरोदर बायांना तारखेच्या काही आठवडे आधी विमानाने दक्षिणेच्या शहरात आणून ठेवतात. ती ज्यांना बघते त्या अशाच.

मला हसूच आलं. आमच्याकडे पाणी आलं की रस्ता बंद, त्यांच्याकडे बर्फ वितळलं की रस्ता बंद. तिथे तर जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापमान वाढतं आहे. बर्फ उशिरा धरतो, लवकर सुटतो. बर्फाची जाडी काठीने ठोकून सांगणारे म्हातारेही आता चुकतात. आणि त्यांचा नकाशाही आपल्यासारखाच बदलला. १ एप्रिल १९९९ ला नुनावुत नावाचा त्यांचा वेगळा प्रदेश झाला. राज्य जवळ आलं, पण हवा ज्यांच्या धुरामुळे तापली ते मात्र लांबच राहिले.

भाचीने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार लागली. त्या बाया म्हणतात, परक्या शहरात एकटीने बाळंत होणं नको. म्हणून हडसन उपसागराच्या काठावर पुविर्निटुक नावाच्या गावात १९८६ साली त्यांनी प्रसूतिगृह काढलं आणि गावातल्याच बायांना सुईणीचं शिक्षण दिलं. सुरक्षा हवी, पण ती गावातून माणूस उचलून नेऊनच मिळते असं नाही, गावाला शिकवूनही मिळते. ते ऐकताना मला नाल्यापलीकडची ती म्हातारी दाई आठवली. पायाळू बाळ कसं घ्यायचं हे तिला आधी कुणी शिकवलं असतं तर? आणि ती कुणी म्हणजे मीच की. मी तिला वर्षानुवर्षं एवढंच सांगत आले होते, "तुम्ही हात लावू नका, दवाखान्यात पाठवा." त्यानंतर मी तिला सोबत घेऊन बसू लागले. वाट बंद झाली तर काय करायचं, हे ती मला आणि मी तिला शिकवत गेले.

यादीही बदलली. ३० सप्टेंबर खोडून ३० नोव्हेंबर केलं. ऑक्टोबरमध्ये बाई न्यायची म्हणजे ऐन कापणीत न्यायची, त्यावर भांडणं झाली. मी हात जोडायचे, कधी रागवायचे. त्या टोल्यावर मात्र मला कधी दोनदा सांगावं लागलं नाही. तीच मुलगी २०१६ ला पुन्हा गरोदर राहिली. या वेळी ती स्वतः महिनाभर आधी येऊन बसली. मुलगी झाली. ती आज आश्रमशाळेत तिसरीत आहे.

मित्रांनो, गेल्या काही वर्षांत आपल्या भागात खूप बदल झाला हे मी नाकारत नाही. आपण शिकत होतो तेव्हा सुरू झालेल्या बंदुकीच्या दहशतीत कितीतरी जणांनी जवळची माणसं गमावली, इथेही तसे बसलेले आहेत. रस्त्यांची कामं अडायची, यंत्रं जळायची. आता रस्ते होत आहेत, टॉवर उभे राहिले, पर्लकोटेवर उंच पूल होतो आहे. याच १ जानेवारीला गर्देवाडा-वांगेतुरीच्या बाजूला पहिल्यांदा एसटी धावली, ती बातमी वाचून मी रडले. सुरजागडच्या लोखंडाचे ट्रक आपल्याच चौकातून जातात, त्यावरून आपल्या ग्रुपवर जे वाद होतात ते इथे नकोत. वनहक्क कायद्याने ग्रामसभांना जंगलावर हक्क मिळाले, मेंढा-लेखाने २००९ साली ते देशाला दाखवून दिलं. अहेरी जिल्ह्याची मागणी आपण सगळेच ऐकतो. व्हावा, जरूर व्हावा.

पण गेल्याच पावसाळ्यातला तो फोटो तुम्ही पाहिला असेल. भामरागडच्या रस्त्यावर पुलाचं काम चालू होतं, तात्पुरता रस्ता वाहून गेला, आणि एका गरोदर बाईला जेसीबीच्या पुढच्या बकेटमध्ये बसवून पाणी ओलांडलं. लोकांनी तो फोटो विनोदासारखा पाठवला. मला त्यात खाट दिसली. फक्त खाट लोखंडाची झाली होती.

जिल्हा जवळ आला, कचेरी जवळ आली, उद्या आणखी जवळ येईल. पण कचेरीपाशी नाल्याची खबर नसेल आणि नाल्यापाशी धरणाची खबर नसेल, तर ते जवळ येणं अपुरं आहे. हवामान काही आपण इथे बसून बदलू शकत नाही. खबर मात्र आपण पोचवू शकतो.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत, त्या सांगून थांबते.

पहिली. आपण शाळेला काय भेट द्यायची यावर सकाळपासून चर्चा चालली आहे. प्रवेशद्वाराची कमान करायची असं बहुतेकांचं मत आहे. कमान करा. पण तिच्यासोबत एक पर्जन्यमापक घ्या. आजच्या सत्काराच्या शाली-नारळांपेक्षा त्याला जास्त खर्च येणार नाही. सर, तुमचा तो फळ्याचा कोपरा पुन्हा सुरू करायचा आहे. फक्त या वेळी मुलांनी फळा पुसण्याआधी आकडा वहीत उतरवायचा.

दुसरी. आपल्या ग्रुपवर रोज सकाळी चाळीस सुविचार येतात. मी सगळे वाचते, खोटं सांगत नाही. पण आपल्यापैकी कुणी आष्टीला आहे, कुणी अहेरीला, कुणी जिमलगट्ट्याला, कुणी सिरोंच्याला, दोघं भामरागडला, एक ब्रह्मपुरीला. म्हणजे वैनगंगेपासून गोदावरीपर्यंत आपली माणसं बसलेली आहेत. जून ते नोव्हेंबर रोज एक ओळ टाका : इथे पाणी किती, चढतंय की उतरतंय. ब्रह्मपुरीची ओळ वाचून अहेरीचा माणूस घरातलं धान वर ठेवू शकेल. आणि ती ओळ पुढे आपल्या गावच्या आशाताईला, कोतवालाला, गायत्याला पाठवा.

तिसरी विनंती ही वही घेण्याची. मी ती मुख्याध्यापकांच्या हाती देते. घरी ठेवली तर वाळवी खाईल. पहिलं पान १४ ऑक्टोबर २०१४ चं आहे. त्यावर नाल्याचं नाव आहे, बंद झाल्याची वेळ अंदाजे आहे, उतरल्याची वेळ नीट लिहिलेली आहे. शेऱ्याच्या रकान्यात फक्त 'मुलगा' असं लिहिलेलं आहे. मुलांनी विचारलं की हे काय, तर त्यांना ही गोष्ट सांगा. मागची पानं कोरी आहेत, ती त्यांनी भरावीत.

आणि रोज निरखून भरावीत. 'कालच्याप्रमाणे' असं मात्र कुणी लिहू नये. सर बाकावर उभं करतील.